कंपनीचं गेट गेलं, आता माणसं भेटणार कुठे?

बाकीच्या वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही लोकमान्यनगरला वाढलात. वडील वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत २२ वर्षं टर्नर, म्हणजे लेथ मशिनवर काम करणारे कारागीर होते. कंपनी बंद पडली, हिशेब पुरा मिळाला नाही, आणि आता ते एका टॉवरच्या गेटवर वॉचमन आहेत. गल्लीत असे पन्नासेक जण निघाले. तुम्ही व्हॉट्सॲप ग्रुप काढलात, मंडळाच्या हॉलमध्ये मीटिंग बोलावलीत. पहिल्या वेळी सव्वाशे माणसं आली, दुसऱ्या वेळी तीस, तिसऱ्या वेळी सात. तुम्ही विचारता, "लोकांना स्वतःच्याच हक्काची पडलेली नाही का? आता एनजीओ रजिस्टर करू, युनियन काढू, की सरळ एखाद्या पक्षात जाऊ?"

मी १९९७ साली वागळे इस्टेटमधल्या एका युनियनच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. पुढे कंपन्या कमी होत गेल्या तसं काम गेटवरून वस्तीत सरकलं. ठाण्यात किसननगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर आणि खाडीपलीकडे दिघा, ऐरोली, तुर्भे या पट्ट्यात मी आजही आहे. त्या अनुभवावर बोलते.

लोकांना पडलेली नाही, हे मनातून काढून टाका. पहिल्या मीटिंगला सव्वाशे माणसं आली, त्यातली निम्मी ड्युटी बदलून किंवा खाडा करून आली असणार. "पैसे मिळतील का, आणि त्यासाठी मी नेमकं काय करायचं?" एवढंच त्यांना विचारायचं होतं. तुम्ही लिहिलंय की त्या दिवशी चार भाषणं झाली आणि "एकजूट ठेवू" असं ठरलं. घरी जाताना कुणाच्याही हातात दुसऱ्या दिवशी करायचं काम नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर तिसऱ्या मीटिंगला मीही आले नसते.

पण मूळ अडचण भाषणांच्याही मागे आहे. एमआयडीसी १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत म्हणजे आपलं वागळे इस्टेट. मग खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला. सातारा, कोकण, खानदेश, उत्तर प्रदेश, जिथून मिळेल तिथून माणसं आली आणि डोंगराच्या कडेने, नाल्याच्या काठाने खोल्या उठल्या. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा अशा पाळ्या होत्या. पाळी सुटायची तेव्हा एक लोंढा बाहेर यायचा, दुसरा आत जायचा, आणि दोघांच्या मधे दहा मिनिटं गेट मीटिंग व्हायची. माणसं जमवावी लागत नसत, भोंगाच ती जमवायचा. युनियनची वर्गणी गेटवर, भिशी गेटवर, कुणाच्या घरी मयत झाली ते गेटवर कळायचं, पोराला शाळेत घालायचं तर कोणाला भेटायचं हेही तिथेच. मी टायपिस्ट होते, पण निम्मी पत्रं मी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसून हाताने लिहिली आहेत.

कंपनी गेली तेव्हा पगार गेला हे सगळ्यांना दिसलं. गेट गेलं हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. आज त्याच प्लॉटवर आयटीची बिल्डिंग आहे, शोरूम आहे. त्याच वस्तीतली माणसं त्याच प्लॉटवर कामाला जातात, पण हाऊसकीपिंगला, सिक्युरिटीला, कँटीनला, डिलिव्हरीला. प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा, युनिफॉर्म वेगळा, सुट्टीचा वार वेगळा. एका भिंतीला लागून राहणाऱ्या दोघी एकाच इमारतीत लादी पुसतात आणि एकीला दुसरीचा पगार माहीत नसतो. मागे एका चाळीत मी सहज विचारलं तेव्हा दोघींच्या पगारात महिना अठराशे रुपयांचा फरक निघाला. काम तेच, मजला वेगळा.

म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचते: पांगलेल्या माणसांसाठी वस्तीत नवं गेट कसं उभं करायचं? एनजीओ, युनियन, पक्ष हे सगळं त्यानंतरचं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हालाच बघाव्या लागतील. तुमच्या गल्लीत जुनी देणी अडकलेली माणसं जास्त आहेत, की आत्ता ठेक्यावर राबणारी, की घरकाम करणाऱ्या बायका? तिघांचे कायदे वेगळे, ऑफिसं वेगळी, मोकळा वेळ वेगळा. वस्तीची जमीन कुणाची आहे, एमआयडीसीची, वनखात्याची, कलेक्टरची की खाजगी, यावर घराच्या प्रश्नात तुम्ही किती जोरात बोलू शकाल ते ठरतं. आणि कंपनी नेमकी कोणत्या तारखेला, कशी बंद झाली? चार कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्याआधी बंद पडलेल्या कंपनीचा दावा बहुतेक वेळा जुन्या कायद्याच्या भाषेत लिहावा लागतो. तारीख माहीत नसेल तर वकीलही अंदाजानेच बोलेल.

आता काम कसं सुरू करायचं ते सांगते.

एक टेबल, दोन बाकडी, एक ठरलेली जागा, एक ठरलेला वार आणि वेळ. एवढ्यावर सुरुवात करा. मंडळाचा हॉल नको, कारण तिथे जायला माणसाला बोलावणं लागतं. पाण्याच्या नळाजवळ, रेशन दुकानाच्या वाटेवर, रिक्षा स्टँडच्या बाजूला, येता-जाता दिसेल अशी जागा घ्या. वार ठरवताना तुमच्या सोयीचा रविवार डोळे झाकून धरू नका. जुन्या एमआयडीसीत आमच्याकडे शुक्रवारची सुट्टी असायची, त्यामुळे त्या काळी सगळं शुक्रवारी चालायचं. आज वॉचमनला सुट्टीच नसते, बारा तासांची ड्युटी संपवून तो सकाळी आठ-साडेआठला येतो. घरकामवाल्या बायका दुपारी दोन ते चार मोकळ्या असतात. रोज नाक्यावर उभं राहून काम शोधणाऱ्या नाका कामगाराला काम मिळालं नाही तर तो साडेदहाला परत फिरतो. आम्ही शेवटी रविवारी सकाळी साडेआठ ते बारा आणि बुधवारी दुपारी दोन ते चार असं धरलं. पावसात, गणपतीत, निवडणुकीत, कधीही बंद ठेवलं नाही. पहिले दोन महिने कधी तीन माणसं, कधी एकही नाही. तरी बसायचं. वस्तीला खात्री पटायला तेवढा वेळ लागतो, कारण याआधी फॉर्म भरून घेऊन गायब झालेली माणसं तिने भरपूर पाहिली आहेत.

टेबलावर जाड रजिस्टर ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुप निरोपाला ठीक आहे, पण त्यात सकाळच्या शुभेच्छांखाली कामाचा कागद गाडला जातो. रजिस्टरमध्ये नाव, गल्ली, फोन, काम कुठे, ठेकेदार कोण, जुनी कंपनी, तिथलं खातं (डिपार्टमेंट), तिकीट नंबर (कंपनीने कामगाराला दिलेला नंबर), अडचण काय, कोणते कागद पाहिले, पुढची पायरी कोणती आणि ती कोण करणार, तारीख. "पुढची पायरी कोण करणार" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तो कळायला मला मोठी किंमत मोजावी लागली.

सुरुवातीची तीन-चार वर्षं मी लोकांचे कागद घरी आणायची आणि सगळं स्वतः करायची. पीएफ ऑफिस मी, लेबर ऑफिस मी, रेशन ऑफिस मी. लोक आशीर्वाद द्यायचे आणि मला वाटायचं, काम होतंय. मग मला टायफॉइड झाला आणि दीड महिना मी अंथरुणावर होते. त्या दीड महिन्यात सगळं थांबलं. एका कामगाराच्या दाव्याची मुदत त्यातच निघून गेली. पुढे उशीर माफ करून घ्यायला वर्ष गेलं आणि तोवर त्याची बायको दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत होती. घरात दोन पिशव्या भरून फायली होत्या, पण त्यांच्या मागे उभी राहील अशी संघटना नव्हती. ती चूक पूर्णपणे माझी होती.

तेव्हापासून दोन नियम पाळते. ज्याचं काम, तो सोबत आलाच पाहिजे, रांगेत तोच उभा राहील, मी शेजारी असेन. आणि ज्याचं काम झालं, त्याने पुढचे दोन रविवार टेबलावर बसून दुसऱ्या कुणाचं तरी काम हातात घ्यायचं. सक्ती नाही, पण काम घेतानाच हे सांगून टाकायचं. एक काका होते, कंपनीच्या नोंदीत दत्ताराम आणि आधारवर दत्तात्रय. एवढ्यावर पेन्शन अडली होती. नाव दुरुस्तीचं संयुक्त घोषणापत्र, त्यावर कंपनीची सही हवी, आणि कंपनीच बंद. बंद कंपनीच्या बाबतीत राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या ठरावीक व्यक्तींची साक्षांकित सही चालते, हे शोधून काढायला आम्हाला चार फेऱ्या लागल्या. काकांनी प्रत्येक फेरीची तारीख आणि कोण काय बोललं ते वहीत लिहून ठेवलं. पुढच्या वर्षात तशी चौदा कामं त्यांनी एकट्याने केली, मी फक्त नाव ऐकत होते. आयुष्यभर मायक्रोमीटर वाचलेल्या माणसाला फॉर्म वाचता येतो, त्याच्या हातात तो द्यावा लागतो इतकंच. तुमचे वडील टर्नर होते म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता तुमच्या गल्लीतल्या पन्नास जणांच्या देण्यांबद्दल. "हिशेब मिळाला नाही" हे एक वाक्य घेऊन कुठल्याही ऑफिसात जाऊ नका. त्याचे तुकडे करा: थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, बंदची नुकसानभरपाई, पीएफ, पेन्शन. प्रत्येकाचं दार वेगळं.

ग्रॅच्युइटीचं गणित लोकांसमोर बसून करून दाखवा. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० असेल तर त्याला २६ ने भागायचं, ५०० येतात. गुणिले १५ म्हणजे ७,५००, हे एका वर्षाचे. २२ वर्षांचे १,६५,०००. हा आकडा कागदावर लिहून माणसाच्या हातात दिला की त्याचा चेहरा बदलतो, कारण तोवर त्याने "काहीतरी मिळायला हवं होतं" एवढंच मनात धरलेलं असतं. मालकाने ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासकट. आणि अर्ज उशिरा केला एवढ्याच कारणावर हक्क बुडत नाही, उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. वर्षं उलटलीत म्हणून गप्प बसलेले खूप जण मी पाहिलेत, त्यांना हे नक्की सांगा.

पीएफमध्ये तीन गोष्टी बघायच्या. नोकरी सोडल्याची तारीख नोंदलेली आहे का, नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, आणि एकाच माणसाचे दोन-तीन खाते क्रमांक पडलेत का. पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून आहे. १० वर्षं भरली असतील तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते. कमीत कमी रक्कम महिना १,००० रुपये आहे, जी लाज वाटावी इतकी कमी आहे, पण ती सोडून देण्यातही अर्थ नाही. पीएफ ऑफिसची लोकांसाठीची बैठक दर महिन्याच्या २७ तारखेला असते. तिथे एकेकटे न जाता एकाच कंपनीचे दहा जण एकाच यादीसह जा. दहा माणसांची यादी पाहून अधिकारी कंपनीची फाइल काढतो, एकट्याला तो "ऑनलाइन बघा" म्हणतो.

कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर घाई करा. २०१६ च्या कायद्यानुसार कारभार हाती घेणारा व्यावसायिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, एक इंग्रजी आणि एक स्थानिक भाषेतल्या पेपरात, आणि दाव्यासाठी सुरुवातीला फक्त १४ दिवस असतात. प्रक्रिया चालू असताना कंपनीवरचे बाकीचे दावे गोठतात, लेबर कोर्टातलेसुद्धा. म्हणजे "आमची केस चालू आहे" असं म्हणत बसलेल्या कामगाराचा दावा यादीत येतच नाही. आमच्याकडच्या एका कंपनीचं नोंदणीकृत ऑफिस परराज्यात होतं आणि कामगारांना आठ महिन्यांनी कळलं. तेव्हापासून आमच्या टेबलावरचा एक मुलगा दर सोमवारी दिवाळखोरी मंडळाच्या वेबसाइटवर जाहीर नोटिसांत जुन्या कंपन्यांची नावं शोधतो. तुमच्या भागातल्या बंद कंपन्यांची यादी करून हे काम एखाद्या कॉलेजच्या मुलीला द्या. कंपनी शेवटी विकायला निघाली तर कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकांच्या बरोबरीच्या रांगेत बसतात, आणि पीएफ, ग्रॅच्युइटी फंडातला पैसा त्या मालमत्तेत धरतच नाहीत. पण त्या रांगेत उभं राहायला दावा दाखल केलेला असावा लागतो.

हे सगळं जिंकता येईलच असं मी कधीच कुणाला सांगत नाही. काही मालकांनी मागे काहीच ठेवलेलं नसतं. तसं दिसलं तर पहिल्या महिन्यातच सांगायचं, आशा लांबवायची नाही. मात्र त्याच माणसाचं पेन्शनचं काम होत असेल तर ते पूर्ण करायचं.

याच टेबलावर बाकीची कामं आपोआप येतील. नाक्यावरच्या गवंडी, रंगारी, बिगारी लोकांची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करायची. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तिथेच दलाल उभा असतो. ठेकेदार दाखला देत नाही, दलाल पैसे घेऊन खोटा देतो, मग तपासणीत खऱ्या कामगाराचंही नाव उडतं. आम्ही मिस्त्री, रंगारी यांना छोट्या वह्या दिल्या, रोज साइट आणि मुकादमाचं नाव लिहायला. ती वही पुढ्यात ठेवून मागितलेला दाखला नाकारणं कठीण जातं. रेशनचं दुखणं वेगळं आहे. प्राधान्य कुटुंबाची, म्हणजे सवलतीचं धान्य मिळणाऱ्या कुटुंबाची, शहरातली उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९,००० रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारांहून कमी. ठाण्यात त्यात खोलीचं भाडंसुद्धा निघत नाही. साहजिकच प्रत्येक जण खोटा दाखला काढायच्या मोहात पडतो. आम्ही खोटा दाखला कधीच काढून देत नाही, त्यावरून शिव्याही खाल्ल्या आहेत. एकदा खोट्याला हात लावला की दुसऱ्या दिवशी खऱ्या कागदावरही अधिकारी संशय घेतो, आणि मर्यादा वाढवा म्हणून मोर्चा काढायचं तोंड राहत नाही.

मोर्चाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रश्न सहा महिन्यांत येईलच. रजिस्टरमध्ये एकच नाव वेगवेगळ्या लोकांच्या ओळींत दिसायला लागलं, तोच ठेकेदार, तेच ऑफिस, तोच अडलेला शिक्का, की समजायचं, ही आता एकेकट्याची अडचण राहिली नाही. खाडीपलीकडे एका मोठ्या इमारतीत सफाई करणाऱ्या ३८ बायकांचा दोन महिन्यांचा पगार थकला होता. ठेकेदाराने फोन बंद केला होता. आमच्या बुधवारच्या टेबलावर आधी दोघी आल्या, मग पाच. रजिस्टर उघडलं तर तीन वस्त्यांतून त्याच ठेकेदाराची नावं. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. कंपनीला आणि ठेकेदाराला पत्र, प्रत कामगार खात्याला. पत्र ३८ जणींनी सही किंवा अंगठा करून दिलं. सातव्या दिवशी दुपारी दोनला सगळ्या गेटसमोरच्या फुटपाथवर पत्राची पोचप्रत हातात धरून उभ्या राहिल्या. घोषणा कमी, वेळ दोन तास. पोलीस स्टेशनला आदल्या दिवशी लेखी कळवलं होतं. तरी पोलिसांची ताकीद देणारी नोटीस आलीच, जुनी माणसं तिला अजून १४९ ची म्हणतात, नव्या कायद्यात ते कलम १६८ आहे. नोटीस शांतपणे घ्यायची, सही करायची, प्रत मागून घ्यायची, घाबरायचं नाही. पगार नवव्या दिवशी झाला.

आत बोलायला पाच जणी गेल्या. त्यातल्या दोघी अशा निवडल्या होत्या की ज्या आयुष्यात कधी साहेबाच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसल्या नव्हत्या. त्यांनी आधी संध्याकाळी माझ्या घरी बसून तीन वाक्यं पाठ केली होती. बाहेर आल्यावर काय ठरलं ते मी नाही, त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. शिष्टमंडळात दर वेळी तेच चेहरे गेले की बाहेर उभ्या राहिलेल्यांना वाटायला लागतं, आत काहीतरी वेगळंच ठरतंय. कितीतरी चांगल्या युनियना मी याच संशयापायी फुटताना पाहिल्या आहेत.

आता तुमचा रजिस्ट्रेशनचा प्रश्न. पहिलं वर्ष काहीही रजिस्टर करू नका. पगार, ठेकेदार, कामाच्या अटी यांवर मालकाशी बोलायचं असेल तेव्हा युनियन लागते, सात जणांच्या अर्जाने नोंदणी सुरू होते. बाहेरून देणग्या घेणार असाल तर संस्था लागते. या दोन्हींची गरज नसताना नोंदणी केली तर हिशेब, ऑडिट, वार्षिक सभा यांतच तुमची सात माणसं दमून जातील. पैशाची शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून. महिना १० रुपये, पावती बुक, दोघांच्या सहीचं खातं, आणि महिन्याचा जमाखर्च टेबलाशेजारी फळ्यावर. मिळालेल्या देण्यातला टक्का कधीही घेऊ नका. दलाल टक्का घेतो, आणि वस्ती तुम्हाला त्याच तराजूत तोलते. कुणी आनंदाने देतोच म्हणाला तर आम्ही ५०० च्या वर घेत नाही, पावतीशिवाय एक रुपयाही नाही.

पक्षाबद्दल माझं मत कडक आहे. वस्तीत प्रत्येक घरात कुठल्या ना कुठल्या पक्षाचं कॅलेंडर असतं आणि ते असू द्या. टेबलावर कुणाचाही झेंडा, बॅनर, फोटो नको. नगरसेवक आला तर त्याच बाकड्यावर बसेल, मागणी लेखी देऊ, पोच घेऊ, काम केलं तर फळ्यावर तसं लिहू. सामान्य माणसाने राजकारणात जाऊच नये असं मी म्हणत नाही, जायलाच हवं. पण तुम्हाला उभं राहायचं असेल तर सहा महिने आधी टेबल दुसऱ्याच्या हाती सोपवा. आमच्याकडे एकाने टेबलावरूनच प्रचार केला आणि रजिस्टरमधले फोन नंबर वापरले. ती जागा परत उभी करायला आम्हाला दोन वर्षं लागली.

घरांचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यावर सगळ्यात जास्त मनं फाटतात. क्लस्टर (अख्ख्या भागाचा एकत्र पुनर्विकास), झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन), इमारतींचा पुनर्विकास, आज ठाण्यात प्रत्येक गल्लीत कुणीतरी संमतीपत्रं गोळा करतंय. शीळला ४ एप्रिल २०१३ रोजी पडलेल्या इमारतीत ७४ माणसं गेली, त्यांत राबणारी कुटुंबं होती, म्हणून "पुनर्विकास नकोच" असं मी कधी म्हणणार नाही. पण टेबलाने संमतीपत्रं गोळा करायची नाहीत, बाजूनेही नाही, विरोधातही नाही. फक्त वाचून दाखवायचं: परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे झोपडीधारकांच्या पात्रतेच्या सरकारी यादीत, नाव पात्र आहे की अपात्र, पुरावा १ जानेवारी २००० च्या आधीचा आहे की १ जानेवारी २०११ च्या आधीचा, पहिल्याला घर मोफत आणि दुसऱ्याला पैसे भरून. अपात्र असेल तर अपील कुठे. भाडेकरूंचं काय होणार, हेही विचारत राहायचं, कारण मालक-भाडेकरू एकाच टेबलावर बसतात आणि एकाचा फायदा दुसऱ्याचं बिऱ्हाड रस्त्यावर आणू शकतो.

जुने कागद मात्र आतापासून जपायला सांगा. गिरणी कामगारांचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, आणि म्हाडाची घरांची मोठी सोडत निघाली २०१२ साली, तीस वर्षांनी. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर हजेरीपटावर असल्याचा पुरावा मागितला गेला. गिरणीचा पास, विम्याचं कार्ड, हजेरी कार्ड, पगारचिठ्ठी, यातलं काही ट्रंकेत तळाशी सापडलं त्या घराचा अर्ज टिकला. कुणी तेच कार्ड मधल्या काळात पावसात भिजलं म्हणून फेकून दिलं होतं.

तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात की बाबांनी कंपनीचा पास अजून कपाटात ठेवलाय आणि त्याबद्दल ते घरात बोलत नाहीत. त्यांना मीटिंगला यायला सांगू नका. नाइट संपवून आल्यावर चहा देऊन त्यांच्यासोबत त्या पासची, जुन्या स्लिपांची दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढून आणा आणि कंपनीत त्यांच्या खात्यात कोण कोण होतं ती नावं त्यांच्या तोंडून लिहून घ्या. तुमच्या ग्रुपमधल्या पन्नासपेक्षा जास्त निघतील, कळवा-दिव्याला गेलेले, गावी परतलेले. मग टेबल मांडाल त्या पहिल्या सकाळी रजिस्टरची पहिली ओळ त्यांनाच भरू द्या: नाव, कंपनी, खातं, तिकीट नंबर. तो नंबर त्यांना पास न बघता आठवत असेल.